कोणतं दुकान धरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याच्या पुढे एका खेड्यात राहणारे गृहस्थ विचारतात की त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मोबाइल सोडून कॉमिक्सच्या नादी लागला आहे आणि तो नाद त्यांना टिकवायचा आहे. तालुक्याला कॉमिक्स मिळणारी दोन दुकानं आहेत, यवतमाळला एक मोठं आहे, पलीकडे नागपूर आहे आणि घरबसल्या मागवायची सोयही आहे. यातलं कोणतं दुकान धरावं?

मी ३४ वर्षं एसटीत वाहक होतो. १९८६ ला लागलो, २०२० ला निवृत्त झालो. दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, यवतमाळ, कधी अमरावती, कधी नागपूर. ज्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, तिथला पेपर स्टॉल मी पाहिलेला आहे. चालक चहाला जायचा, मी नोंद करून स्टॉलकडे. तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत ट्रेखाली कॉमिक्सचा एक अंक बरोबर मावतो, हे नोकरीत असेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मुक्कामी गाडीच्या रात्री तोच अंक सोबतीला असायचा. त्यामुळे या विषयावर मला कुणी विचारलं की उत्तर लांबतं, आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे निव्वळ कॉमिक्सचं असं दुकान नसतं. वह्या विकता विकता, पेपर वाटता वाटता, रद्दी तोलता तोलता कॉमिक्सही ठेवणारं दुकान असतं. म्हणून पुण्यामुंबईची मंडळी जशी दुकानं ताडतात, कोणाकडे माल किती, सजावट कशी, तसं इथं ताडून उपयोग नाही. माल सगळ्यांकडे थोडाच असतो.

किमतीवरूनही ताडू नका. अंकावर किंमत छापलेली असते, पुस्तकांवर जीएसटी नाही, मोठं दुकान फार तर शेकडा दहा सोडतं. खरा खर्च जाण्यायेण्याचा. तिथे मात्र माझा जुना धंदा कामाला येतो: मुलाला त्याच्या आईबरोबर पाठवा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धं पहिल्यापासूनच. दोघं मिळून एका तिकिटात यवतमाळ. तुम्ही गेलात तर तुमचं एकट्याचंच पूर्ण तिकीट लागेल, वर तुम्ही त्याला घाई कराल ते वेगळंच.

मग दुकान ओळखायचं कशावरून? मी नव्या दुकानात गेलो की नसलेली वस्तू मागतो. "मागच्या महिन्याचा अंक आहे का?" एक दुकानदार मान न उचलता "नाही" म्हणतो. दुसरा म्हणतो "संपला". संपला म्हणजे आला तरी होता, एवढी आशा. तिसरा विचारतो, "कोणता? नाव सांगा, सोमवारी पाहतो." हा तिसरा धरायचा, मग त्याचं दुकान टपरीएवढं का असेना. सोमवारी त्यानं अंक आणला नाही तरी चालेल. "विचारलं, नागपूरवरून नाही आला," एवढं तोंडानं सांगितलं तरी पुष्कळ आहे.

आता एकेक घेऊ.

स्टँडजवळचा पेपर स्टॉल. माझ्या गावचे स्टॉलवाले सगळ्यांचे काकाजी आहेत. नागपूरचे पेपर पहाटे उतरतात, त्यांच्याबरोबर मासिकांचं बंडल. ते सुतळीनं असं करकचून बांधलेलं असतं की वरच्या आणि खालच्या अंकावर चौकटीसारखी खूण पडते. नव्या माणसाला काकाजी वरचा अंक देतात. मला मधला काढून देतात. हे व्हायला अकरा महिने लागले होते.

"काकाजी, ध्रुवचा अंक आला का?"

"आला ना बापा. पण बंडल नाही सोडलं अजून. गाडी किती वेळ हाये तुयी?"

"सात मिनिटं."

"मंग थांब."

पेपर मोजायचे सोडून त्यांनी सुतळी सोडली, अंक दिला. पैसे काढू लागलो तर म्हणाले, "जाय जाय, पैसे कुठी पयून जाते?" गाडीत चाळीस प्रवासी खोळंबलेले. अशा स्टॉलवर उधारी लिहून ठेवत नाहीत, लक्षात ठेवतात. माझी त्यांच्याकडे जास्तीत जास्त सत्तर रुपये झाली होती आणि ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली आठवत होती.

स्टॉलचे दोष दोन. न विकलेली मासिकं परत जातात, त्यामुळे पंधरा दिवस उशिरा गेलात की अंक गेला. दुसरा दोष उन्हाचा. अंक चिमट्यानं तारेवर लटकतात आणि आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. छपाईतला पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, निळा शेवटपर्यंत तग धरतो, म्हणून तारेवरचा हिरव्या अंगाचा नायक नागराज मे महिन्यात निळा होतो. पोरांना वाटतं नवीन अवतार आला. तारेवरचा अंक घेऊ नका, आतला मागा. रागावत नाहीत.

शाळेजवळचं बुक डेपो. इथं पाठ्यपुस्तकं, गाइडं, वह्या, कंपासपेट्या. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत त्या काउंटरवर कॉमिक्सचं नावही काढू नका. दुकान एक काकू चालवतात. स्वभावानं सरळ, हिशेबाला चोख, पण वर सांगितलेल्या परीक्षेत साफ नापास. "मागवते" म्हणतात, मागवत नाहीत. अमर चित्र कथेचे मराठी अंक मी त्यांना तीनदा लिहून दिले. तिसऱ्यांदा दिलं तेव्हा माझीच पहिली चिठ्ठी गल्ल्याच्या काचेखाली दिसत होती.

तरीही मी वर्षातून दोनदा तिथे जातो. कारण सांगतो. नव्वदच्या दशकात, कॉमिक्स गरम भज्यासारखं खपत होतं तेव्हा, त्यांच्या यजमानांनी एका फिरत्या विक्रेत्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवले होते. परतीची बोली नव्हती. पुढे केबल टीव्ही आला, खप बसला आणि ते गठ्ठे वरच्या फळीवर गेले. नकाशे, पृथ्वीचे गोल, कार्यानुभवाचे घोटीव कागद आणि त्यांच्या मागे राज, मनोज, तुलसी, डायमंड या प्रकाशनांची कॉमिक्स. २०११ मध्ये मी शिडी मागितली. धुळीनं नाकातोंडात खकाणा, पण अंक कोरे, पानांची घडीही न मोडलेली. किंमत विचारली तर काकूंनी मागं वळून पाहिलं नाही. "छापली असन तेच द्या ना भाऊ." आठ रुपये. विशेषांक सोळा. नागपूरला त्याच अंकाला किती मागतात ते मला माहीत होतं, ते मी सांगितलं, कारण पुन्हा तिथं तोंड दाखवायचं होतं. काकू म्हणाल्या, "कागद तोच हाये ना?" त्या दिवशी मी बारा घेतले.

तर अशा दुकानाला नवं मागू नका, जुनं विचारा, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी जा. गिऱ्हाईक नसतं, शिडी मोकळी असते.

भाषेचं इथंच सांगून टाकतो, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार: सगळं हिंदीतच का? त्याचं उत्तर दुकानदाराच्या हातात नाही. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, हिंदी आपल्याकडे आजही बाजारात चालते आणि कॉमिक्सच्या दिल्लीवाल्या प्रकाशकांना नागपूरपर्यंत हिंदी माल पाठवला की खाली यवतमाळ-वाशीमपर्यंत आपोआप मिळायचा. चाचा चौधरी, नागराज, ध्रुव आम्ही हिंदीतच वाचले आणि शाळेत हिंदीला मला जे काही मार्क मिळाले त्यात चित्रकार प्राणसाहेबांच्या साबूचा वाटा आहे. त्यांनी चाचा चौधरी १९७१ मध्ये 'लोटपोट' या हिंदी नियतकालिकासाठी काढला, म्हणजे मी नऊ वर्षांचा होतो. आणि हिंदी कॉमिक्स म्हणजे सगळं परकं असंही नाही. १९८६ मध्ये नागराजचा पहिला अंक आला, त्याची चित्रं प्रताप मुळीकांची. हेच मुळीक अमर चित्र कथेतून आपल्याला आधीच ठाऊक होते. नागराजाच्या खांद्यांची ठेवण पाहा, पौराणिक चित्रातल्या योद्ध्याची आहे.

खरं मराठी कॉमिक्स आमच्या पिढीला मिळालं ते इंद्रजाल. १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आम्हाला मारुतीच्या पारावरचा वाटायचा, आफ्रिकेचा नाही. दिग्रसला एक माणूस लाकडी कपाटातून ते भाड्यानं द्यायचा. दिवसाला दहा पैसे, तिथंच बसून वाचलं तर पाच. आम्ही तिघं एक अंक घ्यायचो आणि बसून वाचायचो; जो हळू वाचतो त्याच्यावर बाकीचे दोघं ओरडायचे. तान्हा पोळ्याला लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरलं की जो बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मिळायचा, तो दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कपाटवाल्याकडे जमा. आईला सांगायचो, फुटाणे खाल्ले. त्या माणसाचा निळा रबरी शिक्का दर चौथ्या पानावर असे, चेहरा आला तर चेहऱ्यावर. आज जुन्या बाजारात तसा शिक्का असलेला अंक दिसला की इतर लोक बाजूला ठेवतात, मी उचलतो. अजून त्याचा एकही सापडला नाही. आता ते कपाटही नाही आणि भाड्यानं देणारं दुसरं कुणी मला आपल्या भागात दिसत नाही, तेव्हा हा प्रकार तुमच्या तुलनेतून वगळा.

जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं दुकान. गार हवा, काचा, कॉम्प्युटरवर बिल. इथं चिंटूची पुस्तकं मिळतात, अमर चित्र कथेचे संच, इंग्रजी टिंकल, आणि हल्ली पोरं ज्याच्या मागे आहेत ते जपानी मांगा, उलटीकडून वाचायचं. ऑर्डर नोंदवली तर आठ-दहा दिवसांत खरोखर येते, एवढं श्रेय देतो. पण प्रत्येक पुस्तक प्लॅस्टिकमध्ये बंद आणि उघडू देत नाहीत. एकदा नातवासाठी जाड संग्रह घेतला. घरी फोडला तर सोळा पानं दोनदा आणि पुढची सोळा गायब. बांधणीतला दोष, कुणाच्याही हातून होतो. परत नेला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "प्लॅस्टिक फोडलं ना काका, मग नाही घेता येत." फोडल्याशिवाय आतलं कळणार कसं, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि मालक बाहेरगावी होते. मालक पुढच्या दोन्ही खेपांना बाहेरगावीच होते. शेवटी तो संग्रह मी तसाच ठेवला, नातवानं मधल्या सोळा पानांची गोष्ट स्वतः रचली. काकाजींकडे असं झालं तर ते अंक परत घेतात, वर नागपूरच्या छपाईवाल्याला एक शिवी हासडतात, छपाई दिल्लीची असली तरी.

म्हणून मोठ्या दुकानात जाताना एकच करा. पैसे द्यायच्या आधी तिथेच प्लॅस्टिक काढून मागा. "पाहून घेतो, चांगलं असेल तर हेच घेणार." नाही म्हणाले तर नेमकं तेवढं पुस्तक दुसरीकडून घ्या.

नागपूर. बर्डीवरचे जुन्या पुस्तकांचे ठेले आणि रद्दीवाले हा शौकिनांचा प्रांत, दहा वर्षांच्या मुलाचा नव्हे. पण कधी ना कधी जाल, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. जुनं कॉमिक्स दोन पिनांवर तोललेलं असतं. पिना गंजतात, कागद तिथं फाटतो आणि सगळ्यात आधी सुटतो तो मधला जोड, म्हणजे चार पानं. रद्दीवाला ती पानं काही चोरत नाही, ती कुठल्या तरी घरी पलंगाखाली गेलेली असतात. मला हे फार महागात कळलं. मराठी इंद्रजालचा बत्तीस पानी अंक, वेताळ, मुखपृष्ठ झकास. घासाघीस करून घेतला, गाडीत बसलो, बुटीबोरीच्या अलीकडे पान १४ वर वेताळ चाच्यांच्या गलबतावर उडी टाकतो आणि समोरच्या पानावर पाहतो तर १९, किनाऱ्यावर पंचपक्वान्नं चालली आहेत. मधे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून आधी मधलं पान उघडायचं, मग मुखपृष्ठ पाहायचं. कोडी आणि कूपनं कापलेली नाहीत ना, तेही पाहायचं, कारण कूपनाच्या मागे गोष्टीचं पान असतं.

रद्दीवाल्यांचा भावही आता बदलला. पूर्वी किलोवर तोलून द्यायचे. आता खिशातला मोबाइल काढून, याला अमुक हजार चालू आहेत म्हणतात. मागणारा हजार मागतो म्हणून कुणी हजार देतो असं नाही. मी गठ्ठा हातात घेतो, मला हवा तो अंक मध्ये घालतो आणि सगळ्या गठ्ठ्याचा भाव विचारतो. वाहकाची सवय आहे, एका प्रवाशाचं तिकीट मागण्यापेक्षा अख्ख्या कुटुंबाचं मागितलं की भांडण कमी होतं.

घरबसल्या मागवणं. जुन्या राज कॉमिक्सचे नवे छापील अंक हवे असतील तर आज तोच बरा रस्ता आहे, पण मागवताना नीट वाचा. गुप्ता बंधूंचे आता वेगवेगळे कारभार आहेत, 'राज कॉमिक्स बाय मनोज गुप्ता' आणि 'राज कॉमिक्स बाय संजय गुप्ता', आणि दोघांच्या याद्या निरनिराळ्या पाहाव्या लागतात. मी एकदा घाईत एकच अंक दोन्हीकडून मागवून बसलो. पावसाळ्यात मागवू नका. खेड्यात पार्सल दारात येईलच असं नाही, पोस्टात किंवा कुणाच्या तरी किराणा दुकानात दोन दिवस पडून राहतं आणि ओलावा कडेनं आत शिरतो. मागवलंच तर दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून पाठवा असं लिहा. चार अंक एकदम मागवा, म्हणजे टपालखर्च अंगावर येत नाही.

पैसे न लागणारीही एक सोय आहे, फार थोड्यांना माहीत असते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कॉमिक्स नव्हे ते, पण चित्रं पाहा एकदा. अर्थात त्यासाठी मोबाइल हातात द्यावा लागेल, ते तुमचं तुम्ही पाहा.

जपणुकीचं थोडक्यात: पत्र्याची पेटी, कडुनिंबाचा वाळलेला पाला, पेटीखाली दोन विटा, नाहीतर वाळवी एका पावसाळ्यात अख्खा संग्रह खाते. चिकटपट्टी अजिबात लावू नका, पाच वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन उखडते.

आता तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर. स्टँडवरचा पेपरवाला धरा. पहिल्या महिन्यात मुलाला स्वतः बोलू द्या, अंकाचं नाव त्यानंच सांगावं, पैसेही त्यानंच द्यावेत. बापानं मागितलेला अंक दुकानदार विसरतो, पोरानं मागितलेला विसरत नाही, कारण पोरगं दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परत येऊन उभं राहतं. शंभर-दोनशे रुपये आगाऊ ठेवून द्या, म्हणजे बंडल सुटलं की त्याचा अंक आधी बाजूला निघेल. दिवाळीच्या सुटीत आई-मुलानं एकदा यवतमाळच्या मोठ्या दुकानात जाऊन मराठी संच नोंदवून यावा. नागपूर तो मोठा झाल्यावर.

आणि बुक डेपोत जरूर जा, प्रत्येक तालुक्याला काकूंसारखं एखादं दुकान असतंच. फक्त आमच्या काकूंकडे गेलात तर पृथ्वीच्या गोलांमागचा डावीकडचा गठ्ठा तेवढा हलवू नका. माझे गुडघे दुखतात म्हणून तो राहिला आहे. एप्रिलमध्ये नातू येणार आहे, शिडीवर तो चढेल.